फूल ताटाएवढं, दाणे पोकळ: कमी पाण्यातल्या सूर्यफुलाची नेहमीची तक्रार

रब्बी सूर्यफूल मळून झालं की लातूर, धाराशिव, सोलापूर, बीड या पट्ट्यात दरवर्षी तीच तक्रार ऐकायला मिळते. पीक पुरुषभर वाढलं, फुलं मोठाली आली, रस्त्यावरून जाणाऱ्यांनी थांबून फोटो काढले, आणि मळणीयंत्रातून निघाले मोजकेच कट्टे. तेही उचलताना हलके. आडतीवर व्यापाऱ्याने मूठभर दाणे घेतले, नखाने चार फोडले, दोन पोकळ निघाले आणि भाव तिथेच खाली आला. मग दोष बियाण्याला जातो, कंपनीला जातो, ढगाळ हवेला जातो. कधीकधी तो खराही असतो. पण माझं मत असं की या भागातल्या बहुतेक पोकळ सूर्यफुलाचं मूळ पेरणीच्या दिवशीच पडलेलं असतं: पाणी दोन एकराचं आणि पेरा चार एकरांवर. असलेलं पाणी सगळ्या रानाला सारखं वाटलं जातं, आणि पिकाला खरी गरज असते त्या पाच-सहा आठवड्यांत बोअर उचक्या देत असतो.

तरीही प्रत्येक पोकळ दाणा पाण्यामुळेच नसतो. म्हणून आधी कारण ओळखायचं.

फूल कापून बघा

काढणीच्या आधी आठवडाभर रानात जाऊन दहा-बारा फुलं कापून आणा. सगळी एकाच ठिकाणची नकोत. काही पाटाच्या तोंडाची, काही मधली, काही शेपटीची, म्हणजे जिथे पाणी शेवटी आणि कमी पोचतं तिथली. विळ्याने प्रत्येक फूल मधोमध चिरा आणि दाणे काठापासून मध्यापर्यंत नखाने दाबत या. सूर्यफुलात फलन झालं नाही तरी टरफल वाढतं. त्यामुळे पोकळ दाणा वरून अगदी भरल्यासारखा दिसतो. दाबल्याशिवाय कळत नाही.

काठाचे दाणे टच्च भरलेले आणि मधला तळहाताएवढा भाग पोकळ असेल, तर पाण्याने किंवा अन्नाने दगा दिला आहे. सूर्यफूल काठाकडून आत उमलत जातं. मधली फुलं सगळ्यात शेवटी उमलतात आणि देठाकडून येणारं पाणी-अन्न त्यांच्यापर्यंत पोचायला सगळ्यात उशीर लागतो. तुटवडा आला की झाड काठ सांभाळतं आणि मध्य सोडून देतं. रुपयाच्या नाण्याएवढा मध्य रिकामा राहणं मात्र जवळपास प्रत्येक फुलात असतं, त्याची काळजी करू नका.

पोकळ दाणे एका जागी नसून सगळ्या फुलभर विखुरलेले असतील, दोन भरलेले एक पोकळ असे, तर परागीभवन नीट झालेलं नाही. फूल एका बाजूने वाकडं, मागचा देठ तडकलेला आणि ठिसूळ, कोवळी पानं जाडसर व चुरगळलेली असतील तर बोरॉनची कमतरता धरा. सगळे दाणे भरलेत पण बारीक आहेत, तर झाडं फार दाट आहेत किंवा करपा-भुरीने पानं लवकर गेली.

पाटाच्या तोंडाची फुलं भरलेली आणि शेपटीची पोकळ, असा फरक दिसला तर पुढचं निदान करायची फारशी गरज उरत नाही.

पाणी आधी मोजा, एकर नंतर ठरवा

बोअरला किती पाणी आहे असं विचारलं की उत्तर येतं, "दीड इंची आहे" किंवा "तीन तास चालते". याने हिशेब जमत नाही. पंधरा लिटरची बादली पाइपाखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. दहा सेकंदांत भरली तर सेकंदाला दीड लिटर, म्हणजे तासाला ५,४०० लिटर. बोअर सलग पाच तास टिकतो असं धरलं तर दिवसाला २७,००० लिटर. हे मोजमाप पेरणीआधी एकदा करा, पण हिशेबात जानेवारीचा आकडा धरा. ऑक्टोबरचं पाणी जानेवारीत राहत नाही हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

आता दुसरी बाजू. एक एकरावर एक इंच पाणी उभं करायचं तर साधारण एक लाख लिटर लागतं. मध्यम ते भारी जमिनीत पाण्याची एक बऱ्यापैकी पाळी म्हणजे दोन इंच, म्हणजे एकरी दोन लाख लिटर. वरच्या बोअरने एक एकर भिजायला साडेसात दिवस लागतील. दोन एकर पंधरा दिवसांत होतील, चार एकरांना महिना लागेल.

सूर्यफुलाचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून बघा. ९० ते ९५ दिवसांच्या वाणात साधारण ३५ ते ४० दिवसांनी शेंड्यात चांदणीच्या आकाराची हिरवी कळी दिसते. ५५ ते ६० दिवसांनी पिवळ्या पाकळ्या उघडतात. एका शेतातला फुलोरा आठ-दहा दिवसांत उरकतो आणि नंतरचे तीन-साडेतीन आठवडे दाणा भरण्याचे. थंडीत हे सगळं थोडं लांबतं. दोन एकरवाला पंधरा दिवसांच्या फेरीत कळी, फुलोरा आणि दाणे भरणं या तिन्ही वेळा गाठू शकतो. चार एकरवाल्याची एक फेरी पुरी होईतो पहिल्या एकराचा फुलोरा सुरू झालेला असतो आणि शेवटच्या एकराला कळीचं पाणी मिळायचं ते फुलोऱ्यात मिळतं. पुढची फेरी सगळ्यांनाच उशिरा. चारही एकर हिरवे दिसतात, फुलतात आणि चारही अर्धवट भरतात.

म्हणून पाणी दोन एकराचं असेल तर सूर्यफूल दोनच एकर. उरलेल्या रानात कोरडवाहू ज्वारी, हरभरा किंवा करडई टाका. चार एकर सूर्यफूल लावायचाच हट्ट असेल तर दोन तुकड्यांत दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवून पेरा, म्हणजे दोन्हींची तहान एकाच आठवड्यात येत नाही. याला पक्ष्यांचा तोटा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कोणतं पाणी चुकवायचं

पेरणीनंतर वीस-पंचवीस दिवसांत दुपारी पानं माना टाकतात. ते पाहून पुष्कळजण मोटार सुरू करतात. दुपारी कोमेजलेलं पान संध्याकाळी सावरत असेल तर झाड ठीक आहे. सूर्यफुलाची ती सवयच आहे. सकाळी सहा-सातला रानात जा. तेव्हाही पानं लोंबत असतील तर तो खरा ताण. भारी जमिनीत चांगल्या ओलीवर पेरलेलं पीक कळी येईपर्यंत बहुधा पाण्यावाचून निभावतं. सोटमूळ ओल शोधत खाली जातं आणि खोल काळ्या जमिनीत ते दीड-दोन मीटरपर्यंत पोचतं. वरवर पाणी देत राहिलं तर मुळं वरच घुटमळतात. सुरुवातीला थोडा ताण बसल्याने फूल जरा लहान राहील, हे मान्य. पण लहान भरलेलं फूल मोठ्या पोकळ फुलापेक्षा काट्यावर जास्त वजन दाखवतं.

शिफारशीत रोपावस्था, कळी, फुलोरा आणि दाणे भरणं अशा चार संवेदनशील अवस्था सांगितलेल्या असतात. पाणी भरपूर असेल तर चारही पाळा. कमी असेल तेव्हा मी असा क्रम लावेन: तीन पाणी असतील तर कळी, फुलोरा, दाणे भरणं. दोन असतील तर कळीला एक आणि फुलोरा निम्मा-अधिक झाल्यावर एक. एकच असेल तर कळी मोठी होऊन पाकळ्या दिसायच्या बेताला, साधारण पन्नाशीच्या आसपास. हे भारी जमिनीचं झालं. मुरमाड, फूट-दीड फुटाच्या रानात हा हिशेब चालत नाही, कारण तिथे ओल साठायला जागाच नसते. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला दीड-दोनशे मिलिमीटर पाणी साठवून देऊ शकते, मुरमाड रान त्याच्या पाव-अर्धं. हलक्या रानात दोन इंचांच्या दोन पाळ्यांऐवजी एक-एक इंचाच्या चार पाळ्या बसवता येत असतील तरच सूर्यफुलाचा विचार करा.

पाळी दिल्यावर पाणी किती खोल गेलं हे बघायला कोणतंही यंत्र लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीन फुटी लोखंडी सळई सरीत हाताने दाबा. ओल्या मातीत ती सरकते, कोरड्याशी अडते. कळीच्या पाण्यानंतर सळई निदान दीड-दोन फूट गेली पाहिजे. सहा इंचांवर अडत असेल तर तुम्ही पाणी दिलं नाही, रान फक्त शिंपडलं.

काळ्या रानाची आणखी एक खोड. भेगा पडू दिल्या की पाणी सरीने पुढे सरकतच नाही, भेगेतून खाली उतरतं. माणूस रात्रभर दारं धरून उभा आणि सरी अर्धीच भिजलेली. म्हणून २० ते ३५ दिवसांच्या दरम्यान दोन कोळपण्या, म्हणजे ओळींमधली माती हलवून भेगा बुजवणं, चुकवू नका. दुसऱ्या कोळपणीला झाडाला मातीची भर लागते, त्याने पीक वाऱ्याने लोळतही नाही. त्याच भरीने तयार झालेल्या सरीतून एकाआड एक सरी भिजवत जा. पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्या घ्या. सपाट वाफ्यात मोकाट पाणी सोडण्यापेक्षा पाणी बरंच कमी लागतं आणि पाळी लवकर फिरते. मातीच्या दांडाऐवजी विहिरीपासून सरीच्या तोंडापर्यंत पाइप असेल तर आणखी बरं.

ऊस किंवा टरबुजाच्या ठिबकच्या नळ्या घरी पडून असतील तर त्या वापरा. नळ्यांत चार फुटांचं अंतर असेल तर प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंचांवर एकेक ओळ घ्या, जोडओळ होते. नुसत्या सूर्यफुलासाठी नवीन ठिबक घेणं मला परवडणारं वाटत नाही. तुषार संच कळीपर्यंत चालवा. फुलोऱ्यात त्याने पराग धुतला जातो, मधमाश्या फिरकत नाहीत आणि पानावर करपा वाढतो. तुषारशिवाय इलाज नसेल तर फुलोऱ्यात तो रात्री चालवा. फुलं जड झाल्यावर वाऱ्याच्या दिवशी पाणी देणंही टाळा, ओल्या मातीत झाडं मुळासकट कलतात.

सोयाबीननंतर सूर्यफूल घेत असाल तर पहिली ओल वाचवणं हेच पहिलं पाणी. सोयाबीन काढलं की नांगरट आणि रोटाव्हेटर करत आठ-दहा दिवस घालवू नका. वखराची एक पाळी मारून पेरा. रब्बीची पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात झालेली बरी. नोव्हेंबर संपता संपता पेरलेल्या पिकाचे दाणे भरायची वेळ फेब्रुवारीच्या तापत्या उन्हात येते, आणि तेव्हा विहीरही तळाला गेलेली असते.

पाणी वेळेवर दिलं, तरीही दाणे विखुरलेले पोकळ

मग मधमाशी आली नाही. सूर्यफुलाच्या एकाच फुलात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येकात पराग आधी बाहेर पडतो आणि कुक्षी नंतर तयार होते. त्यामुळे पराग इकडून तिकडे नेणारं कुणीतरी लागतंच. संकरित वाणांत स्वतःच्या परागावर दाणा धरण्याची ताकद बरी असते, जुन्या सरळ वाणांत कमी. पण मधमाशीने दोन्हींना फरक पडतो.

इथे आपणच घात करतो. फुलोऱ्यात घाटेअळी दिसली की कडक कीटकनाशक सकाळी नऊ वाजता मारलं जातं. उमललेलं सूर्यफूल पूर्वेकडे तोंड करून थांबतं, सकाळच्या उन्हात लवकर तापतं आणि मधमाश्या त्याच वेळी सर्वांत जास्त येतात. नेमकी तीच वेळ आपण फवारणीला निवडतो. फुलोऱ्यात रासायनिक फवारणी नकोच. अळीसाठी कळी अवस्थेतच पाहणी करा, आणि फुलोऱ्यात लागलंच तर एचएएनपीव्हीसारखं विषाणूजन्य जैविक औषध सूर्य मावळताना फवारा.

शिफारस हेक्टरी चार-पाच मधपेट्यांची आहे. पेट्या मिळत नसतील तर हाताने परागीभवन करा. सकाळी सात ते अकरा या वेळेत हाताला तलम सुती कापड गुंडाळून फुलाच्या तबकावर हलकेच हात फिरवायचा, एका फुलावरून दुसऱ्यावर जात. हात दाबायचा नाही. कापड पिवळं होत जातं, तेवढं पुरे. फुलोरा सुरू झाल्यापासून एक दिवसाआड हे आठवडा-दहा दिवस करावं लागतं. दोन एकरांत घरची दोन माणसं हे करू शकतात. चार एकरांना मजूर लागतात आणि मग कुणीच करत नाही. पेरा कमी ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

वाकडं फूल, तडकलेला देठ

बोरॉनसाठी खर्च फार नाही. पाकळ्या उघडायच्या वेळी बोरॅक्स २ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून फुलांवर फवारा. बोरॅक्स थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून घ्या. प्रमाण वाढवू नका. बोरॉन गरजेपुरतंच चालतं, जास्त झालं तर पानं करपतात. ही फवारणी संध्याकाळी केली तर मधमाश्यांना त्रास नाही.

खताबद्दल थोडक्यात. बागायती सूर्यफुलाला हेक्टरी ६० किलो नत्र, ३० स्फुरद, ३० पालाश. कोरडवाहूला ५०, २५, २५. गंधक कमी असलेल्या जमिनीत हेक्टरी २० किलो गंधक. एकराचं गणित सोपं आहे: दीड पोतं सिंगल सुपर फॉस्फेट दिलं की बागायतीचं स्फुरद पुरं होतं आणि आठ किलोच्या आसपास गंधकही त्यातूनच येतं. डीएपी दिलं तर गंधक वेगळं विकत घ्यावं लागतं. गंधक तेलबियांना लागतंच, त्यामुळे इथे सुपर फॉस्फेट सरस. नत्राचा दुसरा हप्ता पेरणीनंतर महिन्याच्या आत, कोळपणीच्या वेळी ओल असताना द्या. कळी मोठी झाल्यावर कोरड्या रानात टाकलेला युरिया पिकाच्या उपयोगी पडत नाही.

झाडंच कमी

दोन फूट बाय एक फूट अंतरावर एकरी पावणेबावीस हजार झाडं बसतात. प्रत्येक झाडाला ३० ग्रॅम भरलेले दाणे मिळाले तर साडेसहा क्विंटल होतात. झाडं पंधरा हजारच उरली तर तेच ३० ग्रॅम साडेचार क्विंटलवर आणतात. मोकळ्या जागेशेजारचं झाड मोठं फूल देतं खरं, पण त्याचा मध्य भरायला त्याला जास्त पाणी लागतं, आणि ते तर आपल्याकडे नाही. म्हणजे नांगे, ओळीतल्या मोकळ्या जागाच, शेवटी पोकळ मध्य म्हणून समोर येतात. मध्यम खोलीच्या रानात दीड फूट बाय एक फूट ठेवतात. पाणी कमी आणि रान भारी असेल तर दोन फुटी ओळच सोयीची, कोळपं आणि सरी दोन्ही जमतात.

उगवण बिघडण्याची कारणं ठरलेली. बी दोन इंचांपेक्षा खोल गेलं, किंवा पेरणीनंतर सर येऊन काळ्या मातीवर पापडी धरली. पापडी धरली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकं पाणी द्या किंवा काटेरी फांदी ओढून ती मोडा. साधं बियाणं असेल तर १२ ते १४ तास पाण्यात भिजवून सावलीत सुकवून पेरल्यास उगवण एकसारखी होते. संकरित बियाण्याच्या पाकिटात रंगीत, औषध लावलेलं बी असतं; ते भिजवायचं नाही, औषध धुऊन जातं. संकरित पिकातले दाणे पुढच्या वर्षी बियाणं म्हणून ठेवू नका, पुढच्या पिढीत झाडं सारखी निघत नाहीत आणि फुलोरा एकसारखा येत नाही. साध्या वाणाचं घरचं बी ठेवत असाल तर नव्या दाण्याला महिना-दीड महिना सुप्तावस्था असते, काढल्या काढल्या पेरलं तर उगवत नाही.

उगवल्यावर दहा-पंधरा दिवसांत एका जागी एकच रोप ठेवा. रोपं उपटायला जीव होत नाही, हे कळतं. पण एका जागची दोन रोपं एकाच पाण्यावर भांडतात आणि दोघांचीही फुलं कपाएवढी राहतात.

पाण्याचं दुखणं वाटतं, पण नसतं

काही झाडं खुरटी, पानावर तपकिरी मेलेले चट्टे, शेंडा आणि फूल पिळवटलेलं: हा नेक्रोसिस रोग. तंबाखू स्ट्रीक विषाणूमुळे होतो, फुलकिड्यांमार्फत पसरतो. १९९७ च्या सुमारास कर्नाटकात दिसला आणि पुढे दक्षिणेतलं सूर्यफुलाचं क्षेत्र कमी व्हायला तो एक मोठं कारण ठरला. रोगट झाडाला औषध नाही, उपटून टाका. बांधावरचं गाजरगवत हा विषाणू अंगावर घेऊन स्वतः ठणठणीत राहतं, म्हणून पेरणीआधी बांध साफ करा. कडेने ज्वारीच्या तीन-चार ओळी सूर्यफुलाच्या आधी आठवडाभर पेरा आणि बियाण्याला इमिडाक्लोप्रिड ७० डब्ल्यूएस हे कीटकनाशक, किलोला ५ ग्रॅम, लावलेलं आहे का ते पाकिटावर वाचा.

एका बाजूच्या ओळीतच पानं चिंचोळी होऊन खोड मुरडलं असेल तर वाऱ्याची दिशा आठवा. शेजारच्या उसात किंवा गव्हात २,४-डी फवारलं असणार. सूर्यफूल या तणनाशकाला फार नाजूक आहे. शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवलेलं बरं, नंतर भांडून पीक सरळ होत नाही. रोपं उगवून पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळत असतील आणि आधीचं पीक मका किंवा ऊस असेल, तर जमिनीत अ‍ॅट्राझीन या तणनाशकाचा अंश राहिलेला असू शकतो. या रानात त्या वर्षी सूर्यफूल नको.

आणि सखल कोपऱ्यातली पिवळी, सुस्त झाडं पाणी मागत नसतात. तिथे आधीच पाणी तुंबलेलं असतं.

पोपट

गावात तुमचं एकट्याचंच सूर्यफूल असेल तर सगळ्या शिवारातले पोपट तुमच्याकडे जेवायला येणार. दाणा भरायला लागल्यापासून काढणीपर्यंत ते सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवस कलताना येतात. चमकणाऱ्या फिती पहिले काही दिवस काम करतात, मग सवय होते, माणूस लागतोच. दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात पेरलं तर नुकसान वाटलं जातं आणि राखणही. म्हणूनच वर सांगितलेली तुकड्या-तुकड्यांची पेरणी करताना विचार करा: पुढचा आणि मागचा तुकडा पक्ष्यांना सलग महिनाभर पंगत घालतो.

फुलाची मागची बाजू लिंबासारखी पिवळी होऊन पाकळ्यांखालची हिरवी पानं तपकिरी झाली की दाणा पक्का झालेला असतो. त्यानंतर झाडावर वाळवत ठेवणं म्हणजे पोपटांसाठी ठेवणं. फुलं कापा, दोन-तीन दिवस खळ्यावर पातळ पसरून वाळवा, मग मळा. ओली फुलं ढीग मारून ठेवली की आतून बुरशी धरते.

हातात किती राहतात

केंद्राने २०२५-२६ साठी सूर्यफुलाचा हमीभाव क्विंटलला ७,७२१ रुपये ठरवला. आदल्या वर्षी तो ७,२८० होता. पण बाजार याच्याशी बांधलेला नाही. आपल्याकडचं बहुतेक सूर्यफूल तेल रशिया, युक्रेनसारख्या देशांतून येतं, त्यामुळे इथला भाव आयात शुल्काबरोबर हलतो. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ शुल्क लागलं, ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आलं. हरियाणात जून २०२३ मध्ये तेव्हाचा ६,४०० रुपयांचा हमीभाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांना शाहाबादजवळ महामार्ग अडवावा लागला होता. तेव्हा हिशेब करताना हमीभावापेक्षा दीड-दोन हजार कमीच धरा. खरेदी केंद्र सुरू झालं तर विकता यावं म्हणून ई-पीक पाहणीत सूर्यफुलाची नोंद मात्र वेळेत करून ठेवा. सातबारावर पीक नसेल तर केंद्रावर नाव लागत नाही.

समजा भाव ६,००० धरला. पाणी पुरेल एवढ्या दोन एकरांत एकरी साडेसहा क्विंटल आले तर दोन एकरांचे ७८,००० रुपये. तेच पाणी चार एकरांत ताणून एकरी साडेतीन क्विंटल आले तर ८४,०००. वरवर सहा हजार जास्त दिसतात. पण दोन जादा एकरांचं बियाणं, खत, पेरणी, कोळपणी, राखण आणि मळणी सहा हजारांत होत नाही, आणि पोकळ दाण्यांचा माल त्याच भावाने जात नाही. शिवाय ते दोन एकर हरभऱ्याला मोकळे राहिले असते. तुमच्या गावची मजुरी घालून हा हिशेब स्वतः करा.

विकण्याआधी माल वाऱ्यावर किंवा पंख्यासमोर उफणून घ्या. पोकळ दाणे उडून जातात, वजन थोडं घटतं, पण व्यापाऱ्याच्या मुठीत पोकळ दाणा सापडत नाही. शंभर दाणे मोजून दाबून बघा. दहाहून जास्त पोकळ निघाले तर पुन्हा उफणा. गावात तेलघाणा असेल तर घरापुरतं तेल काढून घेणं परवडतं. चांगल्या भरलेल्या शंभर किलो दाण्यांतून तीस किलोच्या आसपास तेल सुटतं आणि पेंड जनावरांना होते.

सूर्यफूल निघालेल्या रानात लगेच उन्हाळी पीक घेऊ नका. त्याच्या मुळांनी खालची ओल पार ओढून घेतलेली असते, आणि पुढच्या पिकाला तुमचं उरलंसुरलं पाणी दुप्पट लागेल. त्या रानात पाऊस पडून खोलवर ओल गेल्यावरच तूर, मूग, सोयाबीन यांपैकी काही घ्या, आणि सूर्यफूल पुन्हा त्याच जागी निदान तीन वर्षांनी.